मेंदूतली दाढ

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही, निदान वहीने ऐकावं. गुंडी अडीच वर्षांची झाली, अजून उभी राहत नाही. बाजूला बघायचं तर डोळ्यांऐवजी अख्खी मान झटक्यात वळवते. बायको म्हणते, काहीतरी आहे. मी म्हटलं, काही नाही, मी डॉक्टर आहे. ती म्हणाली, दातांचे. टोमण्याची गरज नव्हती.
संकल्प : रोज सकाळी गुंडीचा व्यायाम मी घेणार. उन्हाळ्यापर्यंत पळेल.

७ जानेवारी
गुंडी झोपली होती. झोपलेल्या मुलाला उठवू नये. मीही उठलो नाही.

१५ जानेवारी
व्यायाम घेतला. गुंडी पालथी, शेजारी मी पालथा. ती खूप हसली. माझी कंबर धरली. विश्रांती.
सासूबाईंचा फोन. त्यांचे एक काका म्हणे फार उशिरा चालायला लागले. सापडलं! गुंडीला काही नाहीच. पण असलंच तर सासुरवाडीकडून आलंय. बायकोला तसं सांगितलं. तिने खोलीचं दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी
मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय सांगितला. मी म्हटलं, थोडी वाट बघू, माझा आत्तेभाऊसुद्धा उशिराच चालला होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एमआरआयची तारीख घेतली.
आत्तेभावाचा विषय काढायला नको होता.

११ फेब्रुवारी
एमआरआय. गुंडीला उपाशीपोटी नेलं, भूल दिली. मशीनवाल्याला मी एक्स-रेच्या अनुभवावरून दोन सूचना केल्या. त्याने माझं घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून घेतला आणि मला बाहेर बसवलं. आतून पत्र्यावर हातोडे मारल्यासारखा आवाज. पँट एका हाताने धरून बायकोला धीर द्यायला गेलो, तर तिनेच मला पाणी दिलं. एसी फार जोरात होता. डोळ्यांना त्रास होतो.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मेंदूचा आडवा काप दाखवला. मधोमध दाढ! मी ओरडलोच : दाढ, खालची, दोन मुळांची! बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, या खुणेला दाढच म्हणतात. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती बाईंकडे बघत होती.
मग बाई म्हणाल्या, मेंदूचा हा भाग असा दिसायला नको. ही एका दुर्मिळ जनुकीय आजाराची खूण. तोल, डोळे, उशिरा उभं राहणं, सगळं त्यातूनच. खूण सापडली म्हणून रक्तात नेमकं काय शोधायचं ते कळलं. यात पुढे मूत्रपिंडं आणि दृष्टी बिघडू शकते, ती आतापासून जपायची तेही कळलं. नाहीतर वर्षानुवर्षं चाचपडत बसलो असतो.
आजाराचं नाव मला उच्चारता येईना. बायकोने पहिल्या दमात उच्चारलं. कधीपासून वाचत होती कोण जाणे.

१४ फेब्रुवारी
दवाखाना उघडला. पहिलाच पेशंट दाढ काढायला. एक्स-रे उजेडात धरला. बराच वेळ धरला. पेशंटला दुसरीकडे पाठवलं. हातात वात आला असावा.

९ मार्च
व्यायाम नाही. तिघांच्याही रक्ताचा रिपोर्ट आल्यावर नीट शास्त्रशुद्ध सुरू करणार. रिपोर्टनंतर बायकोला काय म्हणायचं तेही ठरवलंय. ‘तुझ्या माहेरचं असलं तरी माझा राग नाही.’ मोठ्या मनाने म्हणायचं.

२८ मार्च
रिपोर्ट आला. समुपदेशक बाईंनी समजावलं : बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही मिळाल्या तरच आजार होतो, एकाकडूनच आली तर नाही. मी विचारलं, माझं रक्त पुन्हा तपासता येईल का? त्या म्हणाल्या, तपासलंय.
गाडीत बोलायला माझ्याकडे ठरवलेलं एकच वाक्य होतं.
घरी आल्यावर तिने तेलाची वाटी माझ्यासमोर ठेवली. गुंडीचे पाय चोळायचे, फिजिओथेरपिस्टने दाखवलंय तसे, खालून वर. मी विचारलं, किती दिवस?
ती म्हणाली, रोज.
डावा चोळला. मग उजवा.