लपलेल्या पंक्ती दाखवा

मु. चिचटोला, ता. गोंडपिपरी
सोमवार, ९ ऑक्टोबर २००६

कम्प्युटरतज्ज्ञ, माळकरी, आमच्या घराचे एकुलते एक जवाई सुरेंद्रभाऊजी यांच्या पायाशी साळा दादाजी याचा कमरेत वाकून नमस्कार.

इथी सगळे बरे आहोत. म्हैस व्याली, धान निसवला, आईचा गुडघा दुखतच आहे. तुमचे डोळे आले हे गिरजाच्या चिठ्ठीवरून समजलं तेव्हापासून घरात कोणाले जेवण गोड लागलं नाई (आईनं त्या दिवशी दोनदा भात घेतला, पण गोड लागत नाई असं म्हणतच घेतला). डॉक्टरनं काळा चष्मा दिला, पंधरा दिवस अक्षराकडे पाहायची मनाई केली, आणि कोणाचं पत्र आलं तं गिरजाच वाचून दाखवते, हेही तिनं लिहिलं आहे. आमची बहीण जवळ आहे म्हणून आम्हाले काळजी नाई. मार्कंड्याच्या जत्रेत महाराजांच्या हातून तुम्ही माळ घातली त्याले आता तीन वर्षं झाली. मासळीच्या पाटीवरून नुसता वारा आला तरी तुम्ही नाकाले रुमाल लावता. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचे जवाई असून एवढा कडक नेम पाळता, याचं आम्हाले फार कौतुक आहे. हे कौतुक लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

पत्राचं कारण म्हणजे तुमचे आभार. आमच्या मच्छीमार संस्थेले तुम्ही जुना का होईना कम्प्युटर मिळवून दिला, त्यात मराठीतून चालणारा प्रोग्राम घातला, आणि दोन दिवस रजा काढून सत्तावन्न सभासदांची यादी स्वतः बोटं झिजवून टाईप केली. बापाचं नाव, वय, सभासद कधी झाला, सगळं. वरून रजिस्टरही ताळा पाहायले म्हणून सोबत माजरीले आपल्या घरी घेऊन गेले. सख्खा भाऊ इतकं करत नाई. तुम्हाले माहीतच आहे, ही यादी शुक्रवारी चंद्रपूरच्या हापीसात द्यायची होती. ज्याचं नाव तिच्यात नसेल त्याले वर्षभर माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावात जाळं टाकता येत नाई, आणि औंदा तं याच यादीवरून मच्छीमारांले घरकुलं येणार अशी हवा आहे. म्हणून गुरुवारी सकाळीच मी, म्हणजे संस्थेचा सचिव, आणि हरिदासभाऊ, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, अशे दोघं अगरबत्ती लावून बसलो. चार वाजता लाईट जाणार होती, तोवर यादी कागदावर काढायची होती.

यादी उघडली. एक ते बावीस बरोबर. बावीसनंतर एकदम एकेचाळीस. मधली सगळी घरं साफ. खाली मात्र ठळक अक्षरात लिहिलेलं, एकूण सभासद ५८. मी म्हणलं, आपण तं सत्तावन्न आहोत, हा अठ्ठावन्नावा कोण? हरिदासभाऊ म्हणे, कम्प्युटरनं सोताले धरलं असेल, तोही संस्थेतच राह्यते. मले ते पटलं. (माणूस घाबरला की काहीही पटते.)

गायब झालेल्यांत मनकर्णाबाई होत्या. नवरा पुरात गेला त्या सालापासून हे बाई एकटी तलावावर येते, बाप्यांच्या बरोबरीनं जाळं ओढते, आणि त्या तलावाशिवाय तिच्याजवळ एक काडी नाई. बातमी गावात पोचायच्या आधी ती येऊन पायरीवर बसली. मले तिच्याकडे मान वर करून पाहाणं होत नव्हतं. रजिस्टर असतं तं अर्ध्या तासात नावं पुन्हा टाईप केली असती, पण रजिस्टर तुमच्याजवळ. एसटीडीवरून तुमच्या शेजाऱ्यांकडे तीनदा फोन लावला. तीनही वेळा निरोप आला की सायबांचे डोळे आले आहेत म्हणून फोनवर येता येत नाई. मी खूप विचार केला, पण डोळ्याचा आणि फोनचा संबंध मले अजून लागला नाई. आजार नवा असेल.

तेव्हा मले तुमचं वाक्य आठवलं. जाताना तुम्ही म्हणले होते, काही अडलं तं वर उजवीकडे 'मदत' लिहिलं आहे, ते दाबा, सगळं त्यात असते. मी मोठ्यानं म्हणलं, घाबरू नका, कम्प्युटरात मदत आहे. इथी माझी चूक झाली. पूर येऊन गेलेल्या गावात 'मदत' हा शब्द सांभाळून उच्चारावा लागते, हे मले कळायले पाह्यजे होतं. दहा मिनिटांत दारात रेशनकार्डं घेऊन रांग. वारलू पडलेल्या भिंतीचा फोटो घेऊन आला आणि म्हणे, ह्यात टाक. सुकरीबाईनं विचारलं की मदत वरच्या काचेच्या टोपल्यातून येते का खालच्या डब्ब्यातून. त्यांले समजावून ओसरीत बसवता बसवता अकरा वाजले.

मग मी मदत उघडली. तिच्यात एक चौकोन, त्यात आपली अडचण लिहायची. मी एका बोटानं लिहिलं, नावे गायब. उत्तर आलं, कोणताही विषय आढळला नाही. मग लिहिलं, नावे हरवली. ह्यावेळी मदतीनं तोंड उघडलं, पण हरवलेल्या संकेतशब्दाबद्दल बोलू लागली, आणि शेवटी ठळक अक्षरात म्हणाली, आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.

भाऊजी, हरिदासभाऊ पांढरेफटक पडले. आठ वर्षांमागे आमच्यातल्या भांडणात मंडळ बरखास्त झालं होतं आणि सरकारनं संस्थेवर प्रशासक बसवला होता. त्या साली पूर्ण हंगाम तलावात कोणाचा पाय पडला नाई. ते आठवून हरिदासभाऊ म्हणे, आत्ता तं यादी चुकली, पाच मिनिटांत वरपर्यंत खबर गेली कशी? बसलाही का काय प्रशासक? मी म्हणलं, हा तो प्रशासक नसेल. ते म्हणे, प्रशासक हा प्रशासकच असते. आणि चंद्रपूरले अजून काही खबर जाऊ नये म्हणून त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. पुन्हा चालू करायले पाऊण तास लागला. पहिले वीस मिनिटं ते प्लगवर बसूनच होते.

नंतर जे झालं ते तुमच्या त्या मदत लिहिणाऱ्या माणसाले कळवा. आमचे रिटायर गुरुजी बापूराव म्हणे, यंत्राची भाषा शुद्ध आहे, शुद्धच शब्द द्या. त्यांनी 'अंतर्धान' दिला. विषय आढळला नाही. 'लुप्त' दिला. नाही. ओसरीतून वारलू ओरडला, 'बुडाले' टाक. नाही. 'हरपले', 'गळाले', 'खपले', सगळं टाकून पाह्यलं. गावात हरवण्यासाठी इतके शब्द आहेत हे मले त्याच दिवशी समजलं. तुमची मदत म्हणजे तो कंपाउंडर झाला, जो म्हणते रोगाचं नाव तुम्हीच सांगा, मग गोळी देतो. नाव माहीत असतं तं तुझ्या दारात आलो असतो कशाले? तीन वाजले होते. मी खरंच सांगतो, मले रडू यायच्या बेतात होतं.

तेव्हा मनकर्णाबाई पायरीवरून म्हणाली, "दादाजीभाऊ, हरपले हरपले काऊन म्हणून राह्यले? हरपलेलं मोजणीत येते का? खाली अठ्ठावन्न लिहून आहे म्हंता, म्हणजे सारे इथीच आहेत. मरळ नाई का गाळात दडून राह्यत? तशे लपून अस्तीन."

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं हे सांगितलं. मी 'दडून' टाकलं, आढळलं नाही. 'लपून' टाकलं, आणि पहिल्याच ओळीत आलं, लपलेल्या पंक्ती दाखवा. आता आमच्याकडे पंक्ती बसतात त्या लग्नात नाई तं तेरवीत, त्या लपवते कोण, यावर गुरुजी आणि वारलूचा वाद झाला. पण मी तो होऊ दिला आणि वाचत गेलो. वरची आणि खालची पंक्ती निवडा, स्वरूप या यादीत जा, दाखवा यावर टिचकी मारा. हरिदासभाऊंनी अध्यक्ष या नात्यानं काचेवर कॅरमच्या सोंगटीले मारतात तशी टिचकी मारली. काही झालं नाई. मग मी उंदरानं मारली आणि सारी घरं भसकन वर आली. मनकर्णाबाई आत आल्या, माझं नाव कोणतं म्हणून विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाई. चारले दहा कमी असताना यादी छापून झाली, शुक्रवारी हापीसात पोचली.

तं असे तुमचे उपकार. तुम्ही मदत दाखवून गेले नसते तं सतरा घरं बुडाली असती. डोळ्यात गुलाबपाणी घालत जा.

आपला आज्ञाधारक साळा,
दादाजी

ता. क. : एक सांगायचं राह्यलंच. लपलेल्या पंक्ती सतरा नाई, अठरा निघाल्या. चाळीस नंबरले हे होतं : सुरेंद्र, वय ३९, राहणार चिचटोला, व्यवसाय परंपरागत मासेमारी. मी सगळ्यांले म्हणलं, कम्प्युटरची चूक असेल, आमचे भाऊजी माळकरी आहेत, ते मासळीले शिवत नाईत. गुरुजी म्हणे, पंक्ती आपोआप लपत नाईत, मदतीतच लिहून आहे, कोणीतरी लपवा लागते. आपल्याले दिसू नये म्हणून एकच लपवायची होती, बोट घसरून वरच्या सतरा सोबत गेल्या असतील. मले हे अजिबात पटलं नाई. पण माझ्याशिवाय सगळ्या गावाले पटलं.

ता. क. : आम्ही अडाणी, कम्प्युटरात मदत शोधत बसलो. घरकुलाची मदत कुठी असते हे तुम्हाले बरोबर माहीत होतं. यादीतून नाव काढायले वेळ नव्हता, म्हणून तसंच गेलं. आता तुम्ही सरकारी कागदावर मच्छीमार आहात.

ता. क. : रविवारी तलावातली बेशरमची झाडी उपटायची आहे आणि नंतर जाळं टाकायचं आहे. प्रत्येक सभासदानं आलंच पाह्यजे असा नियम आहे. नाई आले तं सभेत नाव काढायचा ठराव ठेवू, कारणासकट. जाळ्याचं एक टोक मनकर्णाबाई धरणार, दुसऱ्या टोकाले त्यांनी तुमचंच नाव मागून घेतलं. येताना रजिस्टर आणा. रुमाल नाई आणला तरी चालेल.

ता. क. : गिरजे, इथवर मोठ्यानं वाचलंस ना? आता त्यांचा काळा चष्मा काढ, डोळे खरंच लाल आहेत का पाह्य, आणि मले कळव.