लाल फुली आणि दहावी ‘ह’

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. एरवी हे दोन शब्द मी सवयीनं लिहून पुढे जाते, या वेळी मात्र खरोखरच आडवी पडले आहे असं समज. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, रक्तदाब, डाव्या खांद्याची कुरकुर, सगळं एकेक करून कळव. जमलं तर डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे, सही-शिक्क्यासकट. का, ते पुढे येईल. इथे बाबा ठीक आहेत. त्यांनी गेले तीन दिवस तुला फोन केला नाही म्हणून तू फणफणत असशील, तर तो राग माझ्यावर काढ, कारण तसं वचन मीच त्यांच्याकडून घेतलंय. तुझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. (लहानपणी तू फोडलेल्या बरणीची बातमी, कोणी विचारलेलं नसताना, यांनीच दिली होती म्हणे.) मी फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस आणि तिसऱ्याला ठेवतेस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस. हातात लाल पेन घेऊन का होईना, पण वाचतेस.

तर मुद्द्याचं, म्हणजे निदान मुद्द्याच्या आसपासचं. येत्या शनिवारी शाळेला साठ वर्षं पूर्ण होतायत. ‘शाळा’ हा शब्द वाचून तू पत्र खाली ठेवलंस, हे मला इथून दिसतंय. उचल बघू. चौदा वर्षांपूर्वी तू ‘पुन्हा या शाळेची पायरी चढणार नाही’ म्हणालीस आणि चढली नाहीस, निरोपसमारंभालासुद्धा थांबली नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द विचारला आहे का? नाही ना? (का नाही, तेही पुढे येईल.)

मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही इतिहास शिकवता, तेव्हा शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा, स्मरणिका काढू. मला वाटलं, महिन्याभराचं काम. पण आपल्या शाळेचा इतिहास लिहिण्यापेक्षा एखाद्या साम्राज्याचा लिहिणं सोपं, तिथे निदान जिंकलेले लोक एकमताचे असतात. इथे पहिला वर्ग कुठे भरला याचीच तीन उत्तरं. शाळेच्या दप्तरात लिहिलंय, बंद पडलेल्या काडेपेटीच्या कारखान्यात. पहिल्या तुकडीतले एक आजोबा म्हणतात, छे, लाकडाच्या वखारीत. आणि आपले म्हातारे शिपाईकाका, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, ते शपथेवर सांगतात की कुंपणाजवळच्या झाडाखाली. मी तिन्ही छापलं. कोणाचं मन कशाला मोडा?

मग खोल्या. तू शिकवायचीस तेव्हा छप्पन्न होत्या, आता एकाहत्तर आहेत, आणि नंबर अजून बांधल्या त्या क्रमानंच. म्हणजे दोन नंबरच्या शेजारी एकेचाळीस, तिच्या डोक्यावर सतरा आणि सत्तर नंबर मुतारीमागे. गेल्या जूनमध्ये नवे भूगोलाचे सर पहिल्याच दिवशी चोवीस नंबर शोधायला निघाले ते मधल्या सुट्टीत सापडले. (भूगोलाचे, आत्या! नकाशा हातात होता.) म्हणून आजही कोणी नंबर सांगत नाही. ‘चित्रकलावाल्यांच्या खोलीत जा’, ‘टाचणीसरांच्या कचेरीसमोर’, ‘भूमितीबाईंच्या वर्गात’ असं सांगतात. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आता तिथे इंग्रजी शिकवतात, पण तिसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली अजून भूमितीबाईंचीच आहे. ज्या पोरांनी तुला पाहिलेलंही नाही, ती उशीर झाला की ‘भूमितीबाईंच्या जिन्यानं’ पळतात. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

आता नियम सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. शाळेच्या घटनेत एक कलम आहे, की कुठल्याही खोलीला माणसाचं नाव द्यायचं ते तो माणूस गेल्यानंतरच. इतिहास लिहिताना मला त्याचं कारण सापडलं. सुरुवातीच्या काळात एका लाकूडव्यापाऱ्यानं सभागृहाला लाकूड दिलं, म्हणून सभागृहाला त्याचं नाव दिलं. तर तो गृहस्थ पुढची अकरा वर्षं रोज दुपारी जेवून यायचा आणि ‘आपल्या’ सभागृहात बाकावर आडवा व्हायचा. परीक्षा चालू असली तरी. पर्यवेक्षक त्याच्या घोरण्यावरून वेळ ओळखायचे असं जुन्या नोंदीत आहे. तेव्हापासून हे कलम.

स्मरणिकेत जुन्या शिक्षकांची यादी द्यायची होती आणि त्यावरूनच निमंत्रणं पाठवायची होती. यादी मी केली, एकशे ब्याऐंशी नावं. ज्यांना निमंत्रण पाठवायचं नाही, म्हणजे जे हयात नाहीत, त्यांच्यापुढे मी लाल पेन्सिलीनं फुली मारली. तुझ्या नावाशी आले आणि थांबले. छापील निमंत्रण तुला पाठवलं असतं तर तू ते फाडून त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली असतीस. मी ठरवलं, हिला टपालानं नको, मी स्वतः सांगेन. म्हणून तुझ्यापुढेही फुली मारली. मग स्वतः सांगायला घाबरले. आज सांगते, उद्या सांगते, असे पाच आठवडे गेले. आणि कारकुनांनी ती यादी घेतली, सगळ्या फुल्या एकाच मापानं मोजल्या आणि सगळ्यांना ‘दिवंगत’ या मथळ्याखाली घातलं.

आत्या, तू वारलीस.

अडीच हजार प्रतींत वारलीस. पान सत्तेचाळीस, वरून तिसरी. प्रती सोमवारी वाटल्या आणि पहिला फटका बाबांना बसला. समोरच्या इमारतीतले औषधवाले हार घेऊन दारात. बाबांनी विचारलं, कोण गेलं? ते म्हणाले, तुमची बहीण. बाबा म्हणाले, “अहो, काल संध्याकाळीच तिनं मला अर्धा तास झापलंय!” औषधवाल्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “धक्का बसलाय. जपा त्यांना.” हार कपाटावर ठेवलाय. ताजा आहे अजून.

तू म्हणशील, तिथल्या तिथे खुलासा का केला नाहीस? करणारच होते. मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर मैदानावर तुझी शोकसभा ठेवली होती. मी मुख्याध्यापकांना गाठून ‘सर, एक चूक झालीय’ एवढं म्हटलं, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “चूक आमची झाली, बाई. त्या होत्या तेव्हा आम्हाला कळल्या नाहीत.” माझ्या हातात ध्वनिक्षेपक दिला. समोर दोन हजार तीनशे मुलं, आणि मुलांच्या मागे कुंपणाला लागून पंधरा-वीस बापे आणि आठ-दहा बाया उभ्या. कोणाच्या अंगात कामाचा गणवेश, कोणाच्या हातात हेल्मेट. मी एकेक ओळखायला लागले. सगळी दहावी ‘ह’ होती, आत्या. वेगवेगळ्या वर्षांची, पण सगळी ‘ह’.

स्मरणिकेत ‘शैक्षणिक प्रगती’ नावाचं प्रकरण आहे, तेरा पानांचं. अकरा पानं ‘अ’ तुकडीची: कोण पहिला आला, कोण परदेशी गेला, कोणत्या वर्षी निकाल किती टक्के. उरलेल्या दोन पानांत ब ते ग. गुणांच्या उतरंडीत सगळ्यात खाली असलेल्या ‘ह’बद्दल एक ओळ नव्हती, कारण दप्तरातच नव्हती. अठ्ठावीस वर्षं तू ती तुकडी हट्टानं मागून घेतलीस, हे कुठल्याही कागदावर नाही. आणि जे कागदावर नव्हतं ते कुंपणाला टेकून उभं होतं. त्यातला बसचा ड्रायव्हर (सातवीत तीन वर्षं काढलेला, तू ज्याला ‘काटकोन’ म्हणायचीस) पुढे आला. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. पण या मंडळींना गप्प उभं राहायला तू कधी शिकवलंस? काटकोन छातीवर हात बांधून एकदम मोठ्यांदा म्हणाला, “पक्ष! त्रिकोण कखग हा एक त्रिकोण आहे.” मागून सगळे, “साध्य! त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन आहे.” आणि पुढे सगळी सिद्धता, समांतर रेषेसकट, एका सुरात. वायरमन, नर्स, गवंडी, भाजीवाली. तिनं तर हवेत बोटानं आकृतीही काढली. शेवटच्या ओळीला लहान पोरंही सामील झाली. मी तिथे ध्वनिक्षेपक धरून रडत होते, आणि मला बघून सगळी शाळा रडत होती. अशा वेळी ‘थांबा, ती जिवंत आहे’ असं म्हणण्याची एक वेळ असते, आत्या, ती निघून गेली.

खरं सांगू का? मलाच थांबवायचं नव्हतं. माणूस जिवंत असताना कोणी हे बोलत नाही. मला वाटलं, अजून थोडं ऐकू दे, तुझ्या वतीनं. (आणि माझे चाळीस पेपर कोणीतरी परस्पर तपासून दिले, तेही मी मुकाट्यानं घेतले. ‘किती धीराची आहे’ म्हणतात मला शिक्षकांच्या खोलीत. मान खाली घालून बसते. ती धीरानं खाली आहे असं त्यांना वाटतं.)

काल दुपारी शेवटी मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. त्यांनी स्मरणिकेचं पान सत्तेचाळीस उघडलं, मिटलं. मग म्हणाले, “म्हणजे खोलीचं काय?” कारण तोवर खोलीला तुझं नाव द्यायचं ठरलं होतं. वरच्या मजल्यावर रंगारी (तोही ‘ह’चाच) पाटी रंगवून मोकळा झाला होता, आणि कलमाप्रमाणे तू जिवंत असलीस तर पाटी बेकायदा. मुख्याध्यापक फार सज्जन माणूस, पण त्यांनी अत्यंत संकोचानं मला विचारलं की, बाई समारंभाला न येण्याची शक्यता कितपत आहे? आम्ही दोघं वर गेलो. रंगाऱ्यानं ऐकलं, आनंदानं शिडीवरून पडता पडता वाचला, आणि ब्रश डब्यात ठेवून म्हणाला, “सर, कलम माणसाच्या नावाचं आहे ना? मी नाव कुठे लिहिलंय?” पाटीवर फक्त ‘भूमितीबाईंचा वर्ग’ एवढंच आहे. तुझं खरं नाव त्याला माहीतच नव्हतं! मुख्याध्यापकांनी कलम तीनदा वाचलं आणि चहा मागवला. फक्त एक अट घातली. दुपारी येऊन बाकावर झोपायचं नाही.

तर शनिवारी ये. हा माझा आग्रह नाही, शाळेची अडचण आहे. पान सत्तेचाळीसची दुरुस्ती छापायला कागद उरलेला नाही. ती दुरुस्ती तुलाच स्वतःच्या पायांनी करावी लागेल.

तुझी,
लाल पेन्सिलवाली भाची

ता. क. – पत्र काटकोनच्या हाती पाठवतेय, त्याची बस तुझ्या गावावरूनच जाते. ‘भूमितीबाईंच्या घरी द्यायचंय’ एवढंच त्याला सांगितलंय. बाकीचं सांगणार होते, पण तो नव्वद किलोमीटर गाडी चालवणार होता, मागे पन्नास प्रवासी. तू दार उघडलंस तेव्हा त्याचं काय झालं असेल ते तुला एव्हाना माहीत आहे. तो अजून ओट्यावर बसला असेल तर त्याला पाणी दे. शुक्रवारी संध्याकाळी परत येताना तो तुला घेऊन येईल. पहिली सीट तुझी.

ता. क. २ – आता ते, जे मी चौदा वर्षं पुढे ढकललंय. तुझ्या शेवटच्या वर्षी ‘ह’ तुकडी काढून तुला ‘अ’ दिली, आणि तू समजलीस की टाचणीसरांनी मुख्याध्यापकपदाच्या तोऱ्यात तुझा अपमान केला. त्यांनी केला नव्हता. त्या वर्षी वेळापत्रक पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. तुझे गुडघे दुखतात, तिसरा मजला नको, म्हणून मी तुला तळमजल्यावरच्या ‘अ’त टाकलं. मला वाटलं, तू खूश होशील. तुला विचारायचं मला सुचलंच नाही. नंतर मी सरांकडे कबूल करायला गेले, तर ते म्हणाले, “सही माझी आहे ना? मग चूकही माझी. तू नवीन आहेस, तुझ्या आत्याशी तुला जन्म काढायचाय.” त्यांच्या नावापुढची लाल फुली मात्र खरी आहे. दोन वर्षं झाली. त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाहीस ती माझ्यामुळे. याला काय शिक्षा देशील ती दे, पण समोर येऊन दे.

ता. क. ३ – शनिवारचं वेळापत्रकही मीच केलंय. पहिला तास भाषणं, दुसरा तास आणखी भाषणं. तिसरा तास: दहावी ‘ह’, भूमिती, तिसरा मजला. या वेळी विचारते आहे. चालेल ना?