खोडायला लावलेले शेरे

७ जाने., मंगळ.
सकाळी वाचनालयातलं आजार-आरोग्याचं कपाट आवरलं. चार पुस्तकांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं शेरे. चारही अ‍ॅस्पर्गर, म्हणजे जन्मापासूनची एक प्रकारची स्वमग्नता, असलेल्या माणसांच्या गोष्टींची, गेल्या वर्षी मीच हौसेनं मागवलेली. अक्षर एकच, छापल्यासारखं. एकात, 'शेवटी बरा झाला. ताप होता का?' दुसऱ्यात, 'गोष्ट त्याची, बोलतो सगळा डॉक्टर.' तिसऱ्यात माझाच शाईचा शेरा होता, 'अवश्य वाचावे, डोळे पाणावतात.' त्याखाली, 'कोणाचे?'
डोकं फिरलं. रजिस्टर काढलं. चारही वैशालीनं नेलेली. बस स्टँडजवळच्या मेडिकलवाल्याची बहीण, तिशीची असेल. दर बुधवारी पाचला येते. उद्या बघतो.

८ जाने., बुध.
आली. खोडरबर हातात दिलं, पेपरच्या टेबलाशी बसवलं. म्हटलं, पुस्तकं लोकांची आहेत, खोड सगळं. सात-आठ जण पेपर वाचत होते, ते वाचायचे थांबले.
तिनं एकेक ओळ खोडली. अर्धा तास. चुरा तळहातावर गोळा केला, टोपली कुठे ते विचारलं. मग म्हणाली, "बाकीच्यायचं पण खोडू?" आता शेवटच्या पानावर गावातले सगळेच लिहितात. 'छान', 'भंकस', कुणी नुसतं स्वतःचं नाव. मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको." सगळे हसले. मीही हसलो.
रात्री जेवण गेलं नाही. ही विचारत होती काय झालं. ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

१० जाने.
बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलवर. वै. मला बघून आत गेली. भाऊ हळूच म्हणाला, "काका, तिलेच अ‍ॅस्पर्गर आहे. बारावीत होती तवा अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं. तिनं इचारलं ते खरंच इचारलं, टोमणा नोहता. एकटी जायची ते तुमच्याच वाचनालयात. आता नाही जात म्हणते."
गोळ्या तिथंच विसरून आलो.
म्हणजे त्या पुस्तकांची गावात एकच खरी वाचक, आणि तिलाच मी

११ जाने.
चारही पुस्तकं खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. पेन्सिलचे वळ राहिलेत, वाचता येतात. तिसऱ्यातच पुढे, 'गणितात पहिला आला तेव्हा आईनं जवळ घेतलं. नापास झाला असता तर?' चौथ्यात, 'यातली बाई रोज एकच बस पकडते, चहा गार करून पिते. तिच्यापायी कुणी रडत नाही. असं अजून पाहिजे.'
चौथं मी अर्ध्यातच टाकलं होतं. काही घडत नाही म्हणून. मला रडवणारी आवडतात. रडून झालं की आपण फार चांगले आहोत असं वाटतं, फुकटात.
खरं कारण इथं तरी लिहितो. पान खराब केलं म्हणून चिडलो नव्हतो. ते 'कोणाचे?' झोंबलं होतं. लाज वाटते.
पुस्तकं आजाराच्या कपाटातून काढून कथा-कादंबऱ्यांत लावली. तेवढं कुणी बघत नसताना करता आलं.

१३ जाने., सोम.
वाचनालयाला सुट्टी. मेडिकलवर गेलो. काउंटरवर वै., भाऊ मागे खोकी लावत होता. म्हटलं, "वैशाली, चुकलं माझं." ती गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत म्हणाली, "हाव. चुकलंच." मग, "खोडाले सगळ्यायसमोर लावलं. माफी इथं काऊन मांगता? तिथं मांगा."
भाऊ म्हणाला, "वैशू, मोठे आहेत ते."
"मोठे आहेत म्हणूनच तं."
मी म्हटलं, यंदाच्या खरेदीची यादी तू कर. लाच दिल्यासारखं झालं. दिलीच म्हणा. "ते नंतर," म्हणाली. "बुधवारी पाचले येईन."

१५ जाने., बुध.
आली. पेपरवर सहा जण. उठलो, घसा साफ केला. सगळ्यांनी वर पाहिलं. आणि मी काय बोललो, तर "मंडळी, वाचून झाल्यावर पेपरची घडी घालून ठेवत जा." दोघं हो म्हणाले.
ती साडेपाचपर्यंत टेबलाशी उभी होती. बसली नाही. मग माझ्याकडे आली, रागावलेली नव्हती. "आज नाही जमलं तुमाले. उद्या येईन."
रागावली असती तर बरं झालं असतं. तीस वर्षं या खुर्चीवर बसून लोकांना शांतता राखा म्हणून दरडावतोय, आणि एक वाक्य तोंडातून निघेना.

१६ जाने.
पावणेपाच. मेहकरची एसटी आत्ताच गेली. टेबलाशी आज नऊ जण, कालच्यापेक्षा जास्त.
वाक्य चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. 'मी हिला तुमच्यासमोर खाली बघायला लावलं. हिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं.' दुपारी मागच्या खोलीत तीनदा म्हणून पाहिलं. तिथं येतं.
आली. दारात चप्पल काढते आहे. उठतो. उठण्यापर्यंत कालही जमलं होतं.