संडासातल्या जांभळ्या चपला

१२ मे

नाव मिळालं! क्रोन! आतड्यांना सूज, जखमा, आजार जन्मभराचा – डॉक्टर इदेगुची गंभीर चेहऱ्याने सांगत होते आणि मी हसत होते. खदाखदा! नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईचं डोकं फिरलं असं वाटलं असणार बिचारीला. फिरलंच आहे. वर्षभर काय काय ऐकून घेतलं – 'पोरगं नाजूकच आहे हो', 'शाळा बुडवायची नाटकं', 'आईनेच लाडावून ठेवलंय'. शेवटचं वाक्य सासूबाईंचं.

परतताना ट्राममध्ये हिबिकी हळूच विचारतो, "आई, म्हणजे मी नाटक नव्हतो ना करत?" दहा वर्षांचं पोर, आणि त्याला स्वतःवरच संशय! तिथेच घट्ट धरला त्याला. लोक बघतायत म्हणून लाजून लांब सरकला. जन्मभराचं काय ते उद्या बघू.

१५ मे

जुलैतल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जेवण बंद. भात नाही, मासा नाही, काही नाही. फक्त पाण्यात कालवायची पावडर, घरी आणि शाळेतही. आतड्यांना विश्रांती मिळून सूज उतरते म्हणे. आधी आम्हीच चव घेतली. बाप म्हणून पहिला मान युताकाचा. गोदीत रोज वेल्डिंगचा धूर खाणारा माणूस – एका घोटात बेसिनकडे पळाला! "अगं, हे तर कागद चिकटवायची खळ!" हिबिकी हसून हसून जमिनीवर लोळला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकला. म्हणून मीही उगाच बेसिनकडे पळाले.

२० मे

शाळेतून बाटली भरलेली परत आली. कालही तसंच. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला, "प्यालं की जावं लागतं. आणि शाळेत मुलं आत जाऊन दार लावत नाहीत."

हे खरंच आहे. मुलग्याने शाळेत संडासाचं दार लावलं की बाहेर वरात जमते. युताका छाती फुगवून म्हणतो, "शाळेच्या सहा वर्षांत मी एकदाही गेलो नाही!" ओलं फडकं फेकून मारलं त्याला. वर्गाच्या बाई त्याला शिक्षकांचा संडास वापरू द्यायला तयार आहेत, पण हिबिकी म्हणतो, त्यापेक्षा लाउडस्पीकरवर सांगा.

डॉक्टरांनी बजावलंय – पीत नसेल तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी. शाळा बंद, मित्र बंद. म्हणजे सगळं येऊन थांबलंय एका दारापाशी!

२३ मे

नागासाकीत राहायचं म्हणजे चढण. शाळा पायथ्याशी, घर माथ्यावर, मध्ये नुसत्या पायऱ्या. शाळा सुटली की पोरगं दात आवळून वर धावतं. आज डोकं चाललं! अर्ध्या वाटेवर हामासाकी आजी एकट्याच राहतात. केकचा खोका घेऊन गेले, तोंडातल्या तोंडात सांगितलं. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे पुन्हा सांगितलं, ओरडून.

"शी करायचीय? अगं मग त्यात एवढं काय! माझ्याकडे दुसरं येतं कोण?"

संध्याकाळी आजी टोपलीभर बिवाची फळं घेऊन वर हजर. केकची परतभेट. मग माझ्याकडून त्यांना चहाची पुडी. त्यावर त्यांच्याकडून लोणचं. पोर अजून एकदाही गेलेलं नाही! युताका म्हणतो, हे असंच चाललं तर शेवटी घर त्यांच्या नावावर करावं लागेल.

२७ मे

घोटाळा. आजी खिडकीत टपून बसल्या होत्या. हिबिकी दिसताच ओरडल्या, "आली का रे? ये ये, दार उघडंच आहे!" सगळ्या चढणीने ऐकलं. बरोबर वर्गातला रेंतो. शेजारच्या आळीत राहतो, जिभेला हाड नाही. आजपासून हिबिकीचं नाव 'पाइपलाइन'.

"सगळ्या डोंगराला सांगितलंस!" माझ्यावर ओरडला. झोपेपर्यंत अबोला. बाटली भरलेली.

३० मे

वजन उतरलं. शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर नळी. आज हसू आलं नाही.

४ जून

हे आधी लिहून टाकते, नाहीतर फुटेन! दार उघडलं तर हिबिकी उभा. चेहरा साळसूद. "आलो." माझी नजर पायांकडे – जांभळ्या मखमली चपला, वर गुलाबी मांजर. आजींच्या! संडासातल्या!! संडासाच्या चपला संडासातच राहतात हे आपल्याकडे पाळण्यातल्या बाळालाही कळतं, आणि हा त्या घालून अख्खी चढण चढून आला!

त्यानेही खाली पाहिलं. पांढराफटक. मग लालबुंद. मग दोघंही उंबऱ्यातच बसलो पोट धरून. बाटली हलवून पाहिली – रिकामी!

"आजींनी काय म्हटलं रे?"

"काहीच नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला. खूप मोठा. मला आतलं काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे बाहेरही नसेल ना गेलं."

कमी ऐकू येणाऱ्या आजी! आवाज कुणासाठी मोठा केला ते मला लगेच कळलं. चपला धुऊन, कलिंगड घेऊन गेले, पण आजी त्या घेईनात. "त्याच्याच आता त्या. मी नव्या आणल्यात, बेडूकवाल्या." रस्ताभर हसत आले, आणि थोडी रडतही.

७ जून

वजन वाढलं!! नळी रद्द! युताका गोदीतल्या कपड्यांतच स्वयंपाकघरात नाचला आणि माझं मातीचं भांडं फोडलं. फुटू दे.

१३ जून

बाटली रोज रिकामी. 'पाइपलाइन' अजून चालूच, पण आता हिबिकी उलट विचारतो, "तुम्ही काय साठवून ठेवता?" आजींना म्हटलं, पोराचा रोज त्रास होत असेल. तर म्हणाल्या, "छे गं, टीव्ही चांगला चालतोय. हल्ली तर दिवसातून दोनदा मोठा करते." दोनदा? हिबिकी तर येताना एकदाच जातो. वय झालं आजींचं.

१९ जून

दारात रेंतो. घामाघूम, पाय एकमेकांत अडकवलेले. मान वर करेना. "हामासाकी आजी आज घरी नाहीत," एवढंच म्हणाला.

हिबिकीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन जांभळ्या चपला त्याच्यासाठी नीट मांडल्या आणि मला म्हणाला, "आई, टीव्ही मोठा कर."