दारावर पाटी नव्हती

गुरुवार, १२ तारीख
दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. हिला आणि मुलींना काल तिच्या आईकडे पाठवलं. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. भावोजी पाचला इकडून जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो.

आधी तुला हवी असलेली बातमी. घरातले ढेकूण संपले. पलंगाच्या सांध्यांत सुई घालून पाहिलं. एकही जिवंत नाही.

गेल्या खेपेला तुझ्या नातीच्या मानेवर ओळीने उठलेले चट्टे मी विसरलेलो नाही. सकाळी सातलाच तू बॅग भरलीस. जिन्यात म्हणालीस, "घर तुमचं आहे की ढेकणांकडे भाड्याने राहता?" शेजारच्या मास्तरांचं दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं. हसलेसुद्धा.

त्यानंतर आम्ही काय नाही केलं? गाद्या गच्चीवर तापवल्या. पलंगावर उकळतं पाणी ओतलं. रॉकेल झालं. फवारणीवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा ढेकणांनीच त्याला निरोप दिला. धाकटी वर्गात बाह्या ओढून बसायची, हात दिसू नयेत म्हणून. ही म्हणाली, "कुणाला कळलं तर पोरींशी कुणी खेळणार नाही."

म्हणून गोदामातल्या गोळ्या आणल्या. धान्यातले किडे मारायला आम्ही वापरतो त्या. हवेतल्या ओलीने त्यांतून विषारी वायू सुटतो. अठरा वर्षं मी हेच काम करतोय. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री, कडेने वाळूच्या पिशव्या, दारावर कवटीची पाटी, आसपास कुणी झोपायचं नाही. राहत्या घरात तर त्या न्यायच्याच नाहीत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे मीच शिकवतो.

काल सकाळी गोळ्या ठेवल्या. खिडक्या आणि दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आणि गोदामात राहायला गेलो. दारावर पाटी लावली नाही. लावली असती तर अख्ख्या मजल्याला कळलं असतं. मास्तरांनी विचारलं, "कुठे निघाली वरात?" म्हटलं, सासुरवाडीला.

माळ्याच्या वर भिंतीत वायरीसाठी पाडलेलं भोक आहे. पलीकडे मास्तरांची झोपायची खोली. ते बुजवायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही. मी बुजवलं नाही. ढेकूण तिकडूनच येतात असं मला वाटायचं. म्हटलं, भोकातलेही मरू देत.

काल संध्याकाळी मास्तरांचा फोन आला.

"अहो, तुमच्या घरात काही कुजलंय का? लसणासारखा वास येतोय. हिला मळमळतंय."

"उंदीर मेला असेल," मी म्हणालो. "आल्यावर बघतो."

"बघा बुवा. तोवर आम्ही आपले दारं-खिडक्या लावून बसतो."

बसू नका, असं मी म्हणालो नाही.

आज पहाटे खालच्या मजल्यावरच्यांनी दोघांना इस्पितळात आणलं. मला कळलं तेव्हा मी आधी घरी गेलो. खिडक्या उघडल्या. गोळ्यांची उरलेली राखेसारखी पूड भरून लांब नेऊन टाकली. भोकात पुट्टी भरली. हात धुतले. मग इथे आलो.

मास्तरीणबाई शुद्धीवर आहेत. मास्तरांची नाडी हाताला नीट लागत नाही. डॉक्टर सकाळपासून एकच विचारतायत, काल काय खाल्लं? बाई सांगतात, उरलेली भाजी. सगळे उपचार त्या भाजीवर चाललेत. मघाशी बाई नर्सला म्हणाल्या, "हे आमचे शेजारी. पोटच्या पोरासारखे धावून आले." मी त्यांना पाणी आणून दिलं.

ताई, हे पत्र तुला मिळायला सात वाजतील. मास्तरांकडे तेवढा वेळ आहे असं वाटत नाही. डॉक्टर आत्ता समोरच्या खोलीत आहेत. दोनदा उठलो आणि परत बसलो. तोंडाने मला सांगता येणार नाही. हा कागदच त्यांच्या हातात देतो. पुढे तो तुझ्याकडे येईल की पोलिसांकडे जाईल, माहीत नाही. हिला तू सांग. मुलींना इतक्यात इकडे आणू देऊ नकोस.

डॉक्टरसाहेब, वरचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. भाजीत काही नव्हतं. धान्यात ठेवायच्या गोळीचा वायू आहे, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडचा. काल सकाळपासून आज पहाटेपर्यंत तो त्यांच्या खोलीत जात होता. त्यांना ठाऊक नव्हतं. मी बाहेर बाकावर आहे. कुठे जाणार नाही.

त्यांचा शेजारी