कोपरे उचललेले असताना

४ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

ट्रकची फेरी संपवून आलास की हे सावकाश वाच, आईला दाखवू नकोस. आमचा काँक्रीटचा रस्ता टाकून झालाय. दिसतो दगडासारखा, पण अजून कच्चा आहे. साहेब म्हणतात, उद्घाटन तोंडावर आलंय, लांबच्या वाटेने वेळ जातो, खडीचे ट्रक याच रस्त्यावरून सोडा. साइटवरची इंजिनिअर मी, मी नाही म्हटलं.

तू विचारशील, बिघडतं काय? दुपारी उन्हाने स्लॅबची पाठ तापते, पोट गार राहतं. कडा दबतात, मधला भाग उचलतो. पहाटे उलटं. पाठ आधी गारठून आखडते आणि चारही कोपरे किंचित वर येतात. डोळ्यांना दिसतही नाही. त्या अधांतरी, कच्च्या कोपऱ्यावर भरलेल्या ट्रकचं चाक आलं की तो तुटलाच म्हणून समज. साहेबांना हे सगळं ठाऊक आहे. म्हणाले, तुटला तर नंतर बुजवू. तिथेच माझं डोकं फिरलं.

लोभ आहेच, तो या भांडणातही राहू दे.
तुझी भाची

७ जानेवारी

चि. तिखट मिरचीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईने पत्र माझ्या खिशातून काढून वाचलंच. तेव्हापासून घरात भांडी आपटतायत. म्हणते, एवढी शिकवली ती साहेबाशी वैर घ्यायला नाही. माझं ऐक, दोन दिवस आजारी पड. ट्रक दुसरं कुणी सोडेल, तुझ्या अंगाला काही लागणार नाही. नोकरी टिकली तर पुढचे रस्ते तरी नीट करशील.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

१२ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न.

सल्ला वाचला, पण मानला नाही. काल सकाळी गारठ्यात ट्रक आले. मी रोलर रस्त्यात आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, आजपासून तुझी नोकरी गेली. मी म्हटलं, जाऊ दे, किल्ली मिळणार नाही.  ड्रायव्हरांना सगळं समजावलं. कुरकुरत का होईना, ते मागे फिरले आणि लांबच्या वाटेने गेले. दुपारी बांधकाम खात्याचे तपासनीस आले. काँक्रीट मुरेपर्यंत रस्ता बंद, असं त्यांनी ठरवलं.

रस्ता राहिला, मी गेले. साहेबांचा निरोप आहे, माफी मागितली तर परत घेऊ. मागणार नाही. फक्त आईला तोंड कसं दाखवू, ते कळत नाही.

आईची समजूत काढ आणि मला आपली म्हण.
तुझी भाची

१५ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

रस्ता सुरू झाल्याचं कळलं. काल मुद्दाम वाट वाकडी करून भरलेला ट्रक त्यावरून नेला, तोही भल्या सकाळी. मग खाली उतरून कोपरे बघत चाललो. एकही तुटलेला नाही. तुझ्या साहेबांच्या माणसाने हटकलं, काय शोधताय? म्हटलं, भाचीने राखलेला रस्ता बघतोय. जरा मोठ्यानेच म्हटलं.

आईला हे सांगितलं. ती केरसुणी घेऊन तुझ्या खोलीत गेली. मग म्हणाली, लिही तिला: दुसरी नोकरी बघ, मिळेपर्यंत घरी ये, खोली झाडून ठेवली आहे. पण माफी मागून आलीस, तर दार उघडणार नाही.

शब्द तिचे, आशीर्वाद दोघांचे.
तुझा मामा