दिव्यांनी चुकवलेली बोट

अंबरनाथ, नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप गोदूआत्या,

एक गंभीर तक्रार. तू पाकिटावर 'बाळ्या, शिवमंदिराजवळ' लिहितेस आणि मी संस्कृत शिकवत असताना पोस्टमन भर वर्गात तीच हाक मारतो.

सत्तेचाळीसच्या आषाढी अवसेला तू गिरगावात मला अडवलंस. "पूजेचे दिवे घासल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही." रेवसची बोट चुकली म्हणून मी तेरा वर्षांचा घोडा रुसून बसलो. संध्याकाळी कळलं, तीच बोट, 'रामदास', बुडाली, शेकडो माणसं गेली. तुझ्या सोवळ्याओवळ्याची मी जन्मभर थट्टा केली, पण हा जन्म तूच दिलेला.

उद्या माझी चिमी तुला भेटायला बोटीनेच रेवसला येते आहे. "बाबा, कार्तिकात समुद्र शांत असतो," म्हणाली. मी मान डोलावली. तू घाबरशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. आत्या, तिला पाठवायची मला फार भीती वाटते.

तुझा ऋणी भाचा,
हरिचंद्र